थिओडोर बोव्हेरी

थिओडोर बोव्हेरी (१२ ऑक्टोबर, इ.स. १८६२ : बांबेर्ग, बव्हेरिया – १५ ऑक्टोबर, इ.स. १९१५ : वुर्झबर्ग, जर्मनी) हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ व पेशीवैज्ञानिक होते. घोड्याच्या आतड्यातील जंत आणि सागरी अर्चिन या दोन प्राण्यांच्या अंड्यांवर त्यांनी पेशीविभाजनाचा अभ्यास केला. पेशीतील गुणसूत्रे एकमेकांहून वेगळी असतात आणि सजीवाच्या सुरळीत वाढीसाठी त्यांचा संपूर्ण संच आवश्यक असतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवून दिले. आनुवंशिकतेचा गुणसूत्र सिद्धान्त त्यांच्या आणि अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर सटन यांच्या नावाने ओळखला जातो. पेशीतील गुणसूत्रांचा समतोल बिघडल्यामुळे कर्करोग उद्भवतो, हे गृहीतक त्यांनी १९१४ मध्ये मांडले. कर्करोगाच्या संशोधनातील आणि त्यावरील औषधांच्या विकासातील आजच्या अनेक कल्पनांची पूर्वसूचना या गृहीतकात आढळते.

जन्म आणि शिक्षण

बोव्हेरी यांचा जन्म बव्हेरियातील बांबेर्ग या गावी झाला. त्यांचे वडील वैद्यकीय व्यवसायात होते. चार भावंडांत थिओडोर दुसरे. त्यांचे धाकटे बंधू वॉल्टर यांनी १८९१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये चार्ल्स ब्राउन यांच्यासह ब्राउन, बोव्हेरी आणि कंपनी हा विद्युत उद्योग स्थापन केला. आजच्या एबीबी या उद्योगसमूहाच्या नावातील शेवटची दोन अक्षरे त्या कंपनीवरून आलेली आहेत. थिओडोर यांना लहानपणापासून संगीत व चित्रकला यांची आवड होती आणि चित्रकला त्यांनी अखेरपर्यंत जोपासली.

शालेय शिक्षण बांबेर्ग व न्यूर्नबर्ग येथे पूर्ण करून १८८१ मध्ये त्यांनी म्युनिक विद्यापीठात प्रवेश घेतला. आरंभी त्यांचा ओढा इतिहास व तत्त्वज्ञान या विषयांकडे होता. लवकरच ते निसर्गविज्ञानाकडे वळले आणि कार्ल फोन कुप्फर यांच्या मार्गदर्शनाखाली शरीररचनाशास्त्राचा अभ्यास करू लागले. मज्जातंतूंच्या रचनेवरील प्रबंधासाठी १८८५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी मिळालेल्या लॅमाँट शिष्यवृत्तीमुळे उपजीविकेची विवंचना मिटली आणि रिखर्ड हर्टविग यांच्या प्राणिशास्त्र संस्थेत पूर्णवेळ संशोधन करणे त्यांना शक्य झाले.

जंताच्या अंड्यावरील संशोधन

अंडे आणि शुक्राणू यांची केंद्रके एकत्र येऊन फलन होते, ही गोष्ट १८७० च्या दशकात ऑस्कर हर्टविग यांनी सागरी अर्चिनच्या अंड्यात पाहिली होती. मात्र पेशीविभाजनाच्या वेळी केंद्रकात दिसणाऱ्या आणि विभाजन संपताच दिसेनाशा होणाऱ्या रंगग्राही धाग्यांचे कार्य काय, हे तेव्हा अनिश्चित होते. प्रत्येक विभाजनाच्या वेळी हे धागे नव्याने तयार होतात, असे अनेकांना वाटत असे.

बोव्हेरी यांनी या प्रश्नासाठी घोड्याच्या आतड्यातील गोल जंताची निवड केली. या जंताच्या फलित अंड्यात केवळ चार किंवा दोनच गुणसूत्रे असतात. ती आकाराने मोठी असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून पाहता येतात. १८८७ पासून त्यांनी ‘पेशी-अभ्यास’ या शीर्षकाने प्रबंधमालिका प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. विभाजनानंतर केंद्रकात लुप्त झालेली गुणसूत्रे पुढच्या विभाजनाच्या वेळी जवळजवळ त्याच मांडणीत पुन्हा दिसतात, असे त्यांना आढळले. त्यावरून, गुणसूत्रे नष्ट होत नाहीत, दृष्टीआड असतानाही ती आपले स्वतंत्र अस्तित्व टिकवून ठेवतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

विभाजन होत असलेल्या पेशीच्या दोन टोकांशी सूक्ष्म बिंदूसारखी रचना असते. गुणसूत्रांना दोन बाजूंना नेणाऱ्या तंतूंची चातीसारखी मांडणी, म्हणजे तर्कू, या दोन बिंदूंच्या दरम्यान तयार होतो. बेल्जियन शास्त्रज्ञ एदुआर फान बेनेडेन यांनीही या रचनेचा अभ्यास केला होता. बोव्हेरी यांनी १८८८ मध्ये तिला ‘सेंट्रोसोम’ हे नाव दिले. मराठी पाठ्यपुस्तकांत तिला तारककाय म्हणतात. फलनाच्या वेळी हे विभाजनकेंद्र शुक्राणूबरोबर अंड्यात येते आणि त्याचे दोन भाग होऊन विभाजनाचे दोन ध्रुव बनतात, असे त्यांनी दाखवले. पुढील काळातील त्यांचे सर्वांत महत्त्वाचे प्रयोग याच निरीक्षणावर उभे राहिले.

नेपल्स येथील कार्य

इटलीतील नेपल्स येथे आंटोन डोर्न यांनी १८७२ मध्ये सागरी प्राणिशास्त्र केंद्र स्थापन केले होते. युरोप-अमेरिकेतील संशोधकांना तेथे काम करण्यासाठी जागा, उपकरणे आणि समुद्रातून ताजे आणलेले प्राणी मिळत. बोव्हेरी तेथे अनेकदा जात असत. अ‍ॅम्फिऑक्सस या माशासारख्या लहान सागरी प्राण्याच्या उत्सर्जक नलिकांचा शोध त्यांनी लावला. तरी त्यांचे नाव मुख्यत्वे जोडले गेले ते सागरी अर्चिनशी.

सागरी अर्चिन हा अंगभर काटे असलेला, चेंडूसारखा गोल प्राणी आहे. त्याची मादी समुद्राच्या पाण्यात फार मोठ्या संख्येने अंडी सोडते. फलन शरीराबाहेर होते, अनेक जातींची अंडी पारदर्शक असतात आणि फलनानंतर सर्व अंडी जवळपास एकाच वेळी विभागू लागतात. त्यामुळे पेशीविभाजनाचा प्रत्येक टप्पा काचपट्टीवर जिवंत स्थितीत पाहता येतो.

१८८९ मध्ये बोव्हेरी यांनी या अंड्यांवरील एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. अंडी हलवून त्यांचे तुकडे करायचे, केंद्रक नसलेल्या तुकड्यांचे दुसऱ्या जातीच्या शुक्राणूने फलन करायचे आणि डिंभ कोणाच्या वळणावर जातो ते पाहायचे, असा तो प्रयोग होता. अशा डिंभात केवळ पित्याची लक्षणे दिसतात, अर्थात आनुवंशिक गुण केंद्रकातूनच येतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. या निष्कर्षावर आक्षेप घेतले गेले आणि स्वतः बोव्हेरी यांनाही पुढे त्याची पुन्हा तपासणी करावी लागली.

वुर्झबर्ग आणि कौटुंबिक जीवन

१८९३ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, बोव्हेरी यांची वुर्झबर्ग विद्यापीठात प्राणिशास्त्र व तुलनात्मक शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आणि प्राणिशास्त्र संस्थेचे संचालक म्हणून नियुक्ती झाली. मृत्यूपर्यंत ते याच पदावर होते. १८९५ मध्ये याच विद्यापीठात क्ष-किरणांचा शोध लावणारे विल्हेल्म राँटगेन त्यांचे निकटचे स्नेही होते. १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे भ्रूणवैज्ञानिक हान्स स्पेमान हे बोव्हेरी यांचे विद्यार्थी. अमेरिकन पेशीवैज्ञानिक एडमंड बीचर विल्सन यांच्याशी त्यांची दीर्घकाळ मैत्री होती. विल्सन यांनी पेशीविषयक आपला प्रसिद्ध ग्रंथ १८९६ मध्ये बोव्हेरी यांना अर्पण केला. लिंगनिश्चिती गुणसूत्रांवर अवलंबून असते हे १९०५ मध्ये दाखवणाऱ्या नेटी स्टीव्हन्स यांनीही वुर्झबर्ग येथे त्यांच्याकडे काम केले होते.

१८९६ मध्ये अमेरिकेतील व्हासार महाविद्यालयातील प्राध्यापिका मार्सेला ओ’ग्रेडी संशोधनासाठी वुर्झबर्गला आल्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून जीवशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. बव्हेरियातील विद्यापीठांत त्या वेळी स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळत नसे. तो १९०३ पासून मिळू लागला. १८९७ मध्ये थिओडोर व मार्सेला यांचा विवाह झाला. विवाहानंतर मार्सेला यांनी स्वतंत्र पद स्वीकारले नाही; मात्र पतीच्या प्रयोगांत त्या बरोबरीने काम करीत. १९०० मध्ये जन्मलेल्या त्यांच्या कन्या मार्गरेट बोव्हेरी या पुढे नामवंत पत्रकार झाल्या.

दोन शुक्राणूंचा प्रयोग

सर्व गुणसूत्रे सारखीच असतात, की प्रत्येकाचे कार्य वेगळे असते, हा त्या काळातील वादाचा प्रश्न होता. प्रत्येक गुणसूत्रात संपूर्ण सजीवाचे सर्व गुण सामावलेले असतात, असे मानणारा मोठा पक्ष होता. एखादे गुणसूत्र नेमके वेचून काढण्याचे साधन उपलब्ध नव्हते. १९०१-०२ च्या सुमारास नेपल्स येथे बोव्हेरी दांपत्याने सागरी अर्चिनच्या अंड्यात होणाऱ्या एका नैसर्गिक अपघाताचा यासाठी उपयोग करून घेतला.

अंड्यात सामान्यतः एकच शुक्राणू शिरतो. अंड्याची १८ व शुक्राणूची १८ अशी ३६ गुणसूत्रे एकत्र येतात. प्रत्येक गुणसूत्र उभे दुभंगते आणि दोन्ही पेशींना पुन्हा ३६ गुणसूत्रे मिळतात. पाण्यात शुक्राणूंचे प्रमाण खूप वाढवले, तर काही अंड्यांत दोन शुक्राणू शिरतात. अशा वेळी गुणसूत्रांची संख्या ५४ होते. दोन शुक्राणूंबरोबर दोन विभाजनकेंद्रे येतात आणि दोनाऐवजी चार ध्रुव तयार होतात. दुभंगलेली १०८ गुणसूत्रे चार ध्रुवांकडे ओढली जातात. परंतु कोणते गुणसूत्र कोणाच्या वाट्याला जाईल, याला काही नियम राहत नाही. अंडे एकदम चार पेशींत विभागते आणि चारही पेशींचा वाटा वेगवेगळा असतो.

असे भ्रूण बहुधा विकृत होऊन मरतात. ते का मरतात, हे पाहण्यासाठी बोव्हेरी यांनी कर्ट हेर्ब्स्ट यांची पद्धत वापरली. कॅल्शियम नसलेल्या समुद्रजलात भ्रूणपेशी एकमेकींपासून सुट्या होतात. दोन शुक्राणूंच्या अंड्यातून झालेल्या चार पेशी त्यांनी अशा सुट्या करून वाढवल्या. सामान्य अंड्याच्या चारही सुट्या पेशींची वाढ एकसारखी होते. येथे मात्र एकाच अंड्याच्या चार पेशींची वाढ चार वेगळ्या टप्प्यांवर थांबली आणि त्यांत वेगवेगळे दोष दिसले.

हा दोष केवळ गुणसूत्रांच्या संख्येचा असू शकत नव्हता, कारण फक्त १८ गुणसूत्रांवर वाढलेले अर्चिनचे डिंभही सुदृढ असल्याचे ठाऊक होते. तेव्हा गुणसूत्रे किती आहेत यापेक्षा कोणती आहेत, हे महत्त्वाचे ठरत होते. हा तर्क तपासण्यासाठी बोव्हेरी यांनी आणखी एक मार्ग अवलंबिला. फलनानंतर अंडी हलवली असता काही अंड्यांत एका विभाजनकेंद्राचे द्विभाजन होत नाही आणि चाराऐवजी तीनच ध्रुव बनतात. तीन पेशींत वाटणी झाल्यास प्रत्येकीला पूर्ण संच मिळण्याची शक्यता वाढते. क्रमांक घातलेले गोळे यदृच्छेने विखरून त्यांनी दोन्ही प्रकारांतील या शक्यतेचा अंदाज घेतला. प्रत्यक्षातही तीन पेशींत विभागलेल्या अंड्यांपासून सुदृढ डिंभ होण्याचे प्रमाण चार पेशींच्या अंड्यांपेक्षा बरेच अधिक आढळले.

या प्रयोगांचा पहिला वृत्तांत १९०२ मध्ये आणि सविस्तर प्रबंध १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम १९०० मध्ये नव्याने उजेडात आले होते. वॉल्टर सटन यांनी १९०२-०३ मध्ये नाकतोड्याच्या पेशींवरून, तर बोव्हेरी यांनी स्वतंत्रपणे आपल्या प्रयोगांवरून, मेंडेल यांचे घटक गुणसूत्रांवर असावेत असे प्रतिपादन केले. हा सिद्धान्त लगेच सर्वमान्य झाला नाही. थॉमस हंट मॉर्गन हेही आरंभी साशंक होते. पुढे १९१० नंतर फळमाशीवरील त्यांच्याच संशोधनाने तो दृढ झाला.

कर्करोगाविषयीचे गृहीतक

कर्करोगाच्या अर्बुदांतील पेशींचे विभाजन अनेकदा विषम असते, असे निरीक्षण जर्मन विकृतिशास्त्रज्ञ दाविद फोन हान्सेमान यांनी १८९० मध्ये नोंदवले होते. अर्चिनच्या भ्रूणात अनेकध्रुवी विभाजनाचे परिणाम पाहिलेल्या बोव्हेरी यांना यातील साम्य जाणवले. १९०२ च्या लेखातच त्यांनी तसे सूचित केले होते. वैद्यकीय वर्तुळातून या सूचनेला उत्तेजन मिळाले नाही. बोव्हेरी स्वतः वैद्य नव्हते आणि अर्बुदांचा प्रत्यक्ष अभ्यास हे त्यांचे क्षेत्र नव्हते. त्यामुळे या विषयावर सविस्तर लिहिण्यास त्यांना बारा वर्षे लागली.

१९१४ मध्ये त्यांचे मारक अर्बुदांच्या उत्पत्तीवरील छोटेखानी पुस्तक येना येथून प्रसिद्ध झाले. अर्बुदाची सुरुवात एकाच पेशीपासून होते, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. त्या पेशीतील गुणसूत्रांचा समतोल ढळतो आणि हा बिघाड तिच्यापासून होणाऱ्या सर्व पेशींत उतरतो. विभाजनाला चालना देणारी आणि त्याला आवर घालणारी अशी दोन प्रकारची गुणसूत्रे असावीत. पहिली प्रमाणाबाहेर वाढली किंवा दुसरी नाहीशी झाली, तर पेशी अनिर्बंध वाढू लागेल, असा त्यांचा तर्क होता. क्ष-किरण, रसायने, जंतुसंसर्ग अशी निरनिराळी कारणे विभाजनात अडथळा आणून शेवटी एकच परिणाम घडवीत असावीत, असेही त्यांनी सुचवले. अनेकध्रुवी विभाजन हा अशा बिघाडाचा केवळ एक मार्ग आहे, हे त्यांनी स्पष्ट केले होते.

हे सर्व एक गृहीतक आहे, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. मानवी गुणसूत्रे नीट मोजण्याचे तंत्रही तेव्हा नव्हते. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ मध्ये निश्चित झाले.

अखेरची वर्षे

बोव्हेरी यांची प्रकृती तरुणपणापासून नाजूक होती. १८९० च्या सुमारास अतिश्रम व मानसिक थकवा यांमुळे त्यांना काम थांबवावे लागले होते. पुढेही आजारपण वारंवार उद्भवत राहिले. बर्लिनजवळ दाहलेम येथे स्थापन होत असलेल्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेचे संचालकपद त्यांना देऊ करण्यात आले होते. त्यांनी तिच्या आखणीत भाग घेतला. पण प्रकृतीच्या कारणास्तव १९१३ मध्ये पद नाकारले. कार्ल कोरेन्स तिचे पहिले संचालक झाले. स्पेमान व ओटो वारबुर्ग यांसारखे शास्त्रज्ञ तेथे विभागप्रमुख म्हणून आले.

या शेवटच्या काळात त्यांनी १८८९ च्या आपल्या गाजलेल्या प्रयोगाची फेरतपासणी केली. केंद्रकविरहित वाटणाऱ्या अंड्याच्या तुकड्यातही केंद्रकाचा अंश राहून गेलेला असू शकतो, असे त्यांच्या लक्षात आले. ज्या प्रयोगाने त्यांना तरुणपणी कीर्ती मिळवून दिली, त्यातील चुकीची कारणे त्यांनी स्वतःच शोधून लिहून ठेवली. हा प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रकाच्या महत्त्वाविषयीचा मूळ निष्कर्ष मात्र त्यांच्याच इतर प्रयोगांमुळे अबाधित राहिला.

पहिले महायुद्ध सुरू असताना १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, त्रेपन्नावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले असता, वुर्झबर्ग येथे त्यांचे निधन झाले. मार्सेला पुढे अमेरिकेला परतल्या आणि न्यू हेवन येथील अल्बर्टस मॅग्नस महाविद्यालयात त्यांनी विज्ञान विभाग उभारला. कर्करोगावरील पतीच्या पुस्तकाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले.

कर्करोगावरील औषधांशी संबंध

बोव्हेरी यांनी कोणतेही औषध शोधले नाही. मात्र सागरी अर्चिनच्या अंड्यावर पेशीविभाजन अभ्यासण्याची जी परंपरा त्यांच्या पिढीने रुजवली, तिचा पुढे औषधसंशोधनाला उपयोग झाला. १९६० च्या दशकात कोल्चिसिन हे द्रव्य पेशीतील कोणत्या प्रथिनाला चिकटते, याचा शोध घेताना अर्चिनची अंडी व त्यांतील तर्कू वापरण्यात आले. ज्या सूक्ष्मनलिकांनी तर्कू बनतो, त्यांचे हे प्रथिन पुढे ट्यूब्युलिन या नावाने ओळखले जाऊ लागले. सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टिन व व्हिन्ब्लास्टिन ही औषधे याच प्रथिनावर परिणाम करून विभाजन रोखतात.

यू वृक्षाच्या सालीत सापडलेले पॅक्लिटॅक्सेल हे औषध सूक्ष्मनलिकांना घट्ट करून ठेवते, हे १९७९ मध्ये सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवले. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील २०१४ मधील एका अभ्यासात, या औषधामुळे अर्बुदाच्या पेशींत अनेकध्रुवी विभाजन होऊन गुणसूत्रांची वाटणी बिघडते, असे आढळले. बोव्हेरी यांनी अर्चिनच्या भ्रूणांच्या मृत्यूचे जे कारण सांगितले होते, तेच येथे कर्कपेशीच्या नाशासाठी उपयोगी पडते. जपानच्या किनाऱ्यावरील एका स्पंज प्राण्यातून १९८६ मध्ये वेगळे केलेले हॅलिकॉन्ड्रिन बी हे द्रव्यही सूक्ष्मनलिकांची वाढ रोखते. त्याच्या रचनेवरून तयार केलेल्या एरिब्युलिन या औषधाला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली.

१९८२ मध्ये टिम हंट यांनी अमेरिकेतील वुड्स होल येथे अर्चिनच्या अंड्यांवर काम करताना, प्रत्येक विभाजनाच्या वेळी नाहीसे होणारे सायक्लिन हे प्रथिन शोधले. २००१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हंट, लेलँड हार्टवेल व पॉल नर्स यांना पेशीचक्रावरील संशोधनासाठी मिळाले. सायक्लिनबरोबर काम करणाऱ्या विकरांना रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ पासून स्तनाच्या कर्करोगावर वापरले जाते.

मूल्यमापन

१९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात विशिष्ट विकृत गुणसूत्र सापडले आणि बोव्हेरी यांच्या गृहीतकाकडे संशोधकांचे लक्ष पुन्हा वळले. वाढीला चालना देणारी आणि तिला आवर घालणारी जनुके नंतर प्रत्यक्ष सापडली. त्याबरोबरच गृहीतकाच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. संपूर्ण गुणसूत्र कमीअधिक न होता, एखाद्या जनुकातील सूक्ष्म बदलानेही पेशी कर्करोगाच्या मार्गाला लागू शकते. बहुतेक अर्बुदांत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली आढळते. पण हा बिघाड रोगाचे कारण कितपत आणि परिणाम कितपत, याविषयी अजूनही संशोधन सुरू आहे.

वुर्झबर्ग विद्यापीठातील जीवविज्ञान संस्थेला थिओडोर बोव्हेरी यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या १९१४ च्या पुस्तकाचा हेन्री हॅरिस यांनी केलेला नवा सटीप इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.